सरांच्या गोळ्या आणि माझी किल्ली

सरांच्या डोक्याच्या मागे, टक्कल संपून मान सुरू होते तिथे, वर्षातून एक दिवस निळी टिकली असायची. अफू आणि तिच्या कुळातली औषधं हा धडा ज्या दिवशी असे त्या दिवशी. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक बारकासा पुंजका असतो. माणसाला जागं ठेवणं, दचकवणं, धोका दिसला की छाती धडधडवणं ही त्याची कामं. तो साधारण कुठे आहे हे मुलांनी जन्मभर विसरू नये म्हणून सर फळ्याकडे तोंड करून उभे राहत आणि पाठमोरे बोटाने टिकली दाखवत. टिकली ते स्वतः देवळाजवळच्या बांगड्यांच्या दुकानातून आणत. दुकानातली बाई दर वर्षी विचारी, मुलगी केवढी झाली? सरांना मूलबाळ नव्हतं. ते म्हणत, आहे तेवढीच आहे.

तास संपल्यावर टिकली काढायची ते हमखास विसरत. मोपेडवरून तसेच गावभर फिरत, भाजी घेत, वाटेत कॉफी पीत. सिग्नलला मागे उभे असलेले लोक हसत आणि सर वळून त्यांना नमस्कार करत, आपले जुने विद्यार्थी असतील म्हणून. मी त्यांना कधी सांगत नसे. मला तो दिवस आवडायचा.

तंजावूरबाहेरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात सर औषधशास्त्र शिकवत आणि मी त्याच विभागात लॅब टेक्निशियन होते. म्हणजे बाटल्या, कपाटं, प्रात्यक्षिकांची मांडामांड आणि किल्ल्या. सही घेतल्याशिवाय मी स्पिरिटची बाटलीसुद्धा कुणाला देत नसे. खुद्द प्राचार्यांना एकदा परत पाठवलं होतं. मागून लोक मला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाईटही वाटत नव्हतं.

विभागात मराठी आम्ही दोघंच. दोघांचीही घराणी भोसल्यांच्या काळात इकडे आलेली, आणि तेव्हापासून इथलीच. मी हे लिहिते आहे ती मराठी पुस्तकांतून, मोठेपणी शिकलेली. देवनागरी वाचणारं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. घरात बोलतो ती वेगळी, तमिळच्या चालीवर चालणारी. सरांचीही तीच. शिकवताना ते इंग्रजी बोलत, ओरडताना तमिळ, आणि दुसऱ्या कुणाला कळू नये असं काही असलं की मराठी. नवा प्राध्यापक कसा आहे, परीक्षक किती झोपाळू आहे, हे सगळं आम्ही त्यांच्या तोंडावर मराठीत बोलत असू. मराठी म्हणजे आमचं कुलूप, अशी आमची दोघांची पक्की समजूत होती.

सरांच्या वर्गात ‘व्यसनी’ हा शब्द चालत नसे. कोणत्याही भाषेत नाही. माणसाला नावं ठेवू नका, पेशीचं नाव सांगा, असा त्यांचा हुकूम. एखादा मुलगा म्हणालाच, की सर, शेवटी हा मनोबलाचा प्रश्न आहे, तर सर मला खूण करत. मी बर्फाचा खडा आणून देई. सर तो त्या मुलाच्या मानेला लावत, अंगावर काटा आला की हात वर करायला लावत आणि सांगत, आता मनोबलानं हे केस खाली बसव, आम्ही थांबतो. वर्ग थांबे. केस आपल्या वेळेनेच बसत. मग सर म्हणत की रोजच्या गोळ्या अचानक बंद झालेल्या माणसाच्या अंगावर असाच काटा तीन-चार दिवस उभा असतो. बर्फ नसताना.

पण त्यांचा खरा प्रयोग होता दाराचा. वर्गाच्या दाराबाहेर ते एका दांडग्या मुलाला उभं करत आणि दार आत ढकलून धरायला सांगत. हा बाहेरचा म्हणजे अफू. आत एक मुलगा, तो म्हणजे त्या निळ्या पुंजक्यातली पेशी. त्यानं दार बाहेर ढकलायचं. एकट्यानं काही होत नसे. मग सर आतल्या बाजूला दुसरा मुलगा लावत, तिसरा, चौथा, आणि तोंडाने चालूच असे, की पेशी मुकाट बसत नाही, आठवड्यामागून आठवडे आपल्या आतली यंत्रं वाढवते, दाबाला पुरून उरते. आता दार पुन्हा जागेवर आलं. पूर्वीइतक्याच गोळीनं काही होत नाही, म्हणून माणूस गोळी वाढवतो. सर बाहेरच्या बाजूला आणखी दोन मुलगे लावत. दोन्हीकडून असा रेटा बसला, की सर बाहेरच्यांना डोळ्यांनी खूण करत. ते तिघे एकदम बाजूला होत आणि आतले चौघे धाडकन व्हरांड्यात जाऊन पडत.

त्या पडलेल्या मुलांकडे बोट दाखवून सर सांगत: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, काटा, घाम, जुलाब, थरथरणारे पाय, टपोऱ्या झालेल्या बाहुल्या. यांचा दोष काय? ते आपलं काम करत होते. मग तोच खेळ दुसऱ्यांदा होई. या वेळी बाहेरचे एक-एक करून, सावकाश निघत, आणि त्या हिशेबाने आतलेही एक-एक कमी होत. कुणी पडत नसे. एका वर्षी कुणाचा चष्मा फुटला, तेव्हापासून मी व्हरांड्यात गादी घालून ठेवू लागले.

असा हा माणूस, आणि ओरत्तनाडूच्या रस्त्यावर म्हशीला चुकवताना मोपेडसकट कालव्याच्या उतारावरून खाली गेला. कंबरेशी हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि दुखण्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. अफूच्याच कुळातल्या, रीतसर चिठ्ठीवर. तीन महिन्यांनी ते काठी टेकत कामावर आले. दुखणं हळूहळू गेलं. गोळ्या राहिल्या. कमी केल्या की कंबर दुखल्यासारखी वाटे, म्हणून ते पुन्हा घेत. कंबर दुखतेय की पेशी ओरडताहेत हे ओळखणं इतकं अवघड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, असं ते पुढे म्हणाले.

उमज पडली ती पोंगलच्या सुट्टीत. दुकानं बंद, गोळ्या संपलेल्या. दुसऱ्या दिवशी सरांना जांभया यायला लागल्या. नाक गळू लागलं, पोट बिघडलं, अंगावर काटा. त्यांच्या बायकोने, ज्यांना मी मामी म्हणते, ही लक्षणं सर्दीची ठरवली. मिऱ्याचं सार केलं, निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा दिला, वरून दृष्टही काढली. सर सगळं निमूट करून घेत होते. वाफारा घेऊन उठले आणि तोंड पुसायला आरशासमोर गेले, तर आपल्या डोळ्यांतल्या टपोऱ्या बाहुल्या त्यांना दिसल्या. त्यांनी मामींकडून टॉर्च मागून घेतला, डोळ्यांवर मारून बघितला आणि मोठ्याने हसले. मामी म्हणतात, त्या हसण्याचं मला सर्दीपेक्षा जास्त भय वाटलं.

सुट्टी संपून ते आले ते थेट माझ्या मागच्या खोलीत, जिथे प्रात्यक्षिकांची तयारी चालते. दार लोटून घेतलं आणि मराठीत म्हणाले, “अगो, मीच धडा जालों.”

मनोविकार विभागातल्या डॉक्टरीणबाईंकडे ते स्वतःच गेले होते. त्यांनी गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवायचं पत्रक आखून दिलं, दर पंधरवड्याला थोडी कमी. फार तगमग झाली तर घ्यायला रक्तदाबाची एक साधी गोळी दिली होती. ती त्या निळ्या पुंजक्याला गप्प करते. एकच अट होती. अफूच्या गोळ्या सरांच्या हाती राहायच्या नाहीत, दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज काढून द्यायच्या. मामी का नको, असं मी विचारलं. सर म्हणाले की तिनं तीस वर्षांत मला कशाला नाही म्हटलेलं नाही, आणि तू रोज सगळ्यांना म्हणतेस.

माझा असा सन्मान आधी कुणी केला नव्हता. मी गोळ्या आतल्या कपाटात ठेवल्या आणि त्याची किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात घातली. मी मागितलं, रागावलो, हुकूम केला तरी पत्रकाबाहेर एक दाणा द्यायचा नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. जाताना म्हणाले, कोणाला सांगूं नको.

हे मात्र मला खटकलं. पंचवीस वर्षं हाच माणूस मुलांना सांगत आला होता की यात शरम कसली, यकृत बिघडलं तर लपवता का? आता स्वतःवर आलं तेव्हा दार लोटून, मराठीत. विभागप्रमुखपद त्याच वर्षी त्यांच्याकडे यायचं होतं, तेही मनात असणार. मी बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, पेशींची शिकवण मला पाठ आहे, शरमेची अजून व्हायची आहे.

पहिले दोन महिने बरे गेले. सकाळी मी गोळी द्यायची, त्यांनी माझ्यासमोर पाण्याबरोबर घ्यायची. टप्पा उतरला की तीन-चार दिवस ते चिडचिडे असत, कोट घालून बसत, आणि स्वतःच्याच अवस्थेचं मला व्याख्यान देत. ह्या जांभया मोज. हा पाय बघ कसा हलतो, मी हलवत नाही. मी म्हणे, सर, मला जर्नलं तपासायची आहेत. ते म्हणत, असली संधी मिळत नाही बाई. मला हसू येई आणि भीतीही वाटे, कारण पत्रकावरचे शेवटचे टप्पे राहिले होते आणि तेच सगळ्यात कठीण, असं त्यांनीच शिकवलेलं मी दाराबाहेरून कितीदा ऐकलं होतं. ते यातून निघतात की जन्मभर माझ्या कपाटाशी बांधलेले राहतात, हा एकच विचार मला सुट्टीच्या दिवशीही सोडत नसे.

त्या सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी प्रात्यक्षिकासाठी साध्या तापाच्या गोळ्या पाकिटांतून फोडून बशीत काढत होते. चांदीच्या कागदाचा तो कुरकुर आवाज. सर व्हरांड्यातून जात होते. ते थबकले, आत आले, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. कपाळावर घाम. नजर माझ्यावर नव्हती, कमरेच्या जुडग्यावर होती.

आधी ते हसत बोलले. डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालंय, आज एक जादा चालेल. मी म्हटलं, चिठ्ठी दाखवा. मग म्हणाले, मी या विषयाचा प्राध्यापक आहे, मला शिकवतेस? मग हुकूम. मग माझी नोकरी कुणामुळे लागली याची आठवण, जी खरी होती. मी गोळ्या फोडत राहिले. आणि मग त्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने, पस्तिशीतल्या मला, हात जोडले.

“अक्का,” ते म्हणाले, “मला एकच होणें. एकच दे की. अक्का म्हणतों की मी तुला.”

आमच्यात अक्का म्हणजे थोरली बहीण, आईच्या खालोखाल. तो शब्द ऐकून मला रडू फुटलं. एका गोळीनं काय होतं, असं माझ्याही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू. पण मला प्रयोगातलं ते दार दिसलं आणि बाहेरून परत रेटायला आलेली मुलं दिसली. “सकाळी देतें, सर,” मी म्हटलं. “अत्तां नाहीं.” ते मला नको ते बोलले, जे मी लिहिणार नाही, आणि काठी आपटत निघून गेले.

डोळे पुसून मी दाराकडे वळले तर तिथे जर्नल छातीशी धरून दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी. सही घ्यायला आली होती. मला वाटलं, असू दे, हिला काय कळणार. मी तमिळमध्ये विचारलं, काय हवंय?  ती इंग्रजीत हळूच म्हणाली, मॅडम, माझी आजी घरात हेच बोलते. मला बोलता येत नाही, पण कळतं सगळं.

वर्षभर ती पहिल्या बाकावर बसत होती. तिचं आडनाव मी दर आठवड्याला जर्नलवर वाचत होते, आणि ते आडनाव ओळखायला मला काहीच कठीण नव्हतं. पण आमची पोरं मराठी बोलत नाहीत म्हणजे त्यांना ती येत नाही, असं आम्ही सगळेच धरून चालतो. आमच्या घराघरांत हीच चूक होते. मोठी माणसं मुलांसमोर बिनधास्त नको ते बोलतात आणि मुलं ऐकत मोठी होतात. आमच्या कुलपाची किल्ली पहिल्या बाकावर बसली होती.

मी कुणाला सांगणार नाही, असं ती आपण होऊन म्हणाली. तिच्यावर माझा विश्वास होता. तरी मी संध्याकाळी सरांच्या खोलीत गेले आणि झालं ते सांगितलं. ते डोकं हातात धरून बसले होते. लाट ओसरली होती आणि दुपारचं सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. माझी माफी त्यांनी मागितली, एकदाच, नीट. मुलीचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, उद्याचा तास कशाचा आहे? मी म्हटलं, तुमच्या टिकलीचा. ते नुसते हुं म्हणाले.

आज सर त्या गोळ्यांतून सुटले आहेत. निवृत्त झाले, कंबर थंडीत थोडी दुखते, तेव्हा मामी शेक देतात. विभागप्रमुखपद त्यांना मिळालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर कायम राहिला तो त्या मंगळवारचा तास.

टिकली नव्हती. दाराचा प्रयोग नव्हता. सर काठी टेबलाला टेकवून उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, आज एका रुग्णाची हकीकत. पुरुष, वय अठ्ठावन्न, व्यवसाय प्राध्यापक. मुलं लिहून घेऊ लागली. कालवा, हाड, गोळ्या, पोंगल, मिऱ्याचं सार. अर्ध्यावर वह्या थांबल्या, कारण काठी सगळ्यांना दिसत होती. सर थांबले नाहीत.

कागदाच्या आवाजाचं त्यांनी नीट समजावलं. गोळी नेहमी ज्याच्या पाठोपाठ येते ती प्रत्येक गोष्ट मेंदू टिपून ठेवतो, दुकानाची पाटी, पाण्याचा पेला, पाकीट फाटण्याचा आवाज. जगण्याला उपयोगी ते लक्षात ठेवायची जी जुनी सोय आहे, तीच इथे राबते. काटा चार दिवसांत बसतो. हे शिकणं वर्षानुवर्षं पुसत नाही. पाकिटात तापाच्या गोळ्या होत्या हे डोळ्यांना दिसत होतं, तरी आतून उठायचं ते उठलंच.

“काल तीन वाजता मी आमच्या टेक्निशियनकडे जादा गोळी मागितली,” सर म्हणाले. “हात जोडून मागितली. वहीत लिहिताना आजारानं मागितली असं लिहू नका. मी मागितली. माझ्या पेशी म्हणजे कुणी शेजारी नव्हेत. प्रत्येक रेणूचं नाव मला तोंडपाठ होतं, आणि तरी मी मागितली. उद्या तुमच्यासमोर असा माणूस येईल तेव्हा त्याला अक्कल शिकवू नका. त्याला अक्कल आहे.”

 मी दारात, हातात बर्फाचं भांडं घेऊन, कारण मला कुणी आणू नको म्हणून सांगितलं नव्हतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली. तिचे ओठ दोनदा हलले. मग तिने, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, चारचौघांत मराठी उच्चारली. शब्द अडखळत, पण आजीचेच.

“सर, अणखीं मागताल का?”

बाकीच्या मुलांना काही कळलं नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, वर्गाला तेच ऐकायचं होतं आणि मलाही. “मागेन की,” ते म्हणाले. “म्हणून तर किल्ली माझ्याकडे नाहीं.”

मग प्रश्न आणि उत्तर दोन्ही त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, पुन्हा इंग्रजीत सांगितलं, कुणाचं राहू नये म्हणून. किल्ली कुणाकडे आहे हे मात्र सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती. सगळा वर्ग वळून दाराकडे बघत होता. मला गावात खडूस म्हणतात, कामात आडमुठी म्हणतात, आणि त्या क्षणी मला माझ्या आडमुठेपणाचा इतका अभिमान वाटला, आणि त्या माणसाचा त्याहून जास्त, की एवढ्या नजरा अंगावर असूनही मी मान खाली घातली नाही.